पुण्यात कोणतं काम कोणाचं आणि जाब कोणाला विचारायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी खड्ड्याचा नाहीतर तुंबलेल्या ड्रेनेजचा फोटो टाकतं, खाली धडाधड "महापालिका झोपलीये का" सुरू होतं आणि दोन तासांनी सगळं गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली जातं. राग खरा असतो, पण तो योग्य दारात जात नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत.

महापालिका म्हणजे राज्य सरकारचंच एक ऑफिस ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० ला झाली, पण त्यानंतर बरीच वर्षं शहराच्या कारभाराला राज्यघटनेत ठाम जागाच नव्हती. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तेव्हा पक्कं ठरलं की शहराला स्वतःचं निवडून आलेलं सरकार असेल, मुदत पाच वर्षांची, निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेईल, पैशांची वाटणी सुचवायला राज्य वित्त आयोग असेल, आणि बाराव्या अनुसूचीत १८ कामांची यादी दिली जी शहराकडे सोपवता येईल. आता सोपवायचं किती आणि कसं हे मात्र राज्याच्या हातात ठेवलं. आपल्याकडे ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. त्यातल्या कलम ६३ ची कामं महापालिकेने करायचीच आहेत, म्हणजे पाणी, ड्रेनेज, कचरा, दिवाबत्ती, रस्ते, अग्निशमन, जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६६ ची ऐच्छिक, बागा, नाट्यगृहं अशी. भांडताना हा फरक कामाला येतो, कारण ६३ मधल्या कामाला "बघू, जमलं तर करू" हे उत्तरच होऊ शकत नाही.

मग आमच्या भागातलं नक्की कोणतं काम कोणाचं?

गल्लीतला दिवा महापालिकेचा, पण घरातली लाईट गेली तर महावितरण. कमला नेहरू हॉस्पिटल महापालिकेचं, ससून राज्य सरकारचं. फुटपाथवरचं अतिक्रमण महापालिकेने काढायचं, पण चौकात ट्रॅफिक तुंबलाय तर तिथे उभा असलेला पोलीस राज्याच्या गृहखात्याचा. रेशन राज्याचं. झाड तोडायचं, फांद्या छाटायच्या तर परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. मेट्रो महामेट्रोची, ती केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी कंपनी आहे, पण हिंजवडी ते शिवाजीनगर लाईन पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. आणि कॅम्पात किंवा खडकीत राहत असाल तर तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड, जे संरक्षण मंत्रालयाखाली येतं, तिथल्या रस्त्याची तक्रार महापालिकेत टाकून काहीच होणार नाही.

रस्ता तर रस्ताच असतो, त्यात कसली आलीये वाटणी?

आहे, आणि पुण्यात ती फारच विचित्र आहे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला तो एनएचएआयने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने, कारण तो हायवे त्यांचा. नवले पुलाच्या उतारावर अपघात होतात तेव्हा सगळे महापालिकेला बोलतात, पण तो पण हायवेच, महापालिकेच्या हातात सर्व्हिस रोडचं काम, अतिक्रमणं असं थोडंच राहतं. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले गेले ते पीएमआरडीएच्या मेट्रोसाठी आणि नवा पूलही त्यांच्याच प्रोजेक्टचा भाग. पीएमआरडीए २०१५ ची, अध्यक्ष मुख्यमंत्री. म्हणजे पुणेकर ज्या चौकात वर्षानुवर्षं अडकून पडला त्या चौकाचा निर्णय पुणेकराने निवडलेल्या सभागृहाने घेतलेला नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या मोठ्या कामाचं टाइमटेबल निदान नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे येऊन त्यावर खुली चर्चा व्हायला हवी होती.

तुमचा रस्ता कोणाचा हे माहीत नसेल तर अंदाज करत बसू नका, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात (वॉर्ड ऑफिसात) जाऊन विचारा. आतल्या गल्ल्या, छोटे रस्ते बहुतेक क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात आणि मोठे रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे.

धरणं भरून वाहतायत तरी गुरुवारी पाणी बंद, हे कसं काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच वेळा गुरुवारचं पाणी बंद असतं ते पंपिंग स्टेशनच्या किंवा लाईनच्या दुरुस्तीसाठी, ते महापालिकेचं काम. पण शहराला एकूण पाणी किती मिळणार हे महापालिका ठरवतच नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा, तो सगळा राज्याच्या जलसंपदा खात्याचा, आपण ज्याला अजून पाटबंधारेच म्हणतो त्यांचा. त्याच पाण्यावर कालव्याने खाली दौंड, इंदापूरपर्यंतची शेती आहे. मग पुण्याला किती, शेतीला किती, आवर्तन, म्हणजे कालव्यात शेतीसाठी पाणी, कधी सोडायचं हे कालवा समितीत ठरतं, तिथे पालकमंत्री, आमदार, पाटबंधारेचे अधिकारी. महापालिका तिथे पाणी मागणारी असते, देणारी नाही. शेतकऱ्याचा हक्कही तेवढाच खरा आहे, त्यामुळे "आमचं पाणी पळवलं" असं म्हणणं बरोबर नाही.

पण आत आलेलं पाणी वाटणं, गळती थांबवणं, मीटर बसवणं, एका पेठेत फोर्सने आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी धार हे का, या सगळ्याचं उत्तर पूर्णपणे महापालिकेनेच द्यायचं आहे. समान पाणीपुरवठा योजना त्याचसाठी घेतली होती, टाक्या, नवीन लाईन, मीटर. तुमच्या झोनचं काम कुठवर आलंय हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि दोघांच्या मध्ये माणूस कसा चिरडतो ते बघायचं असेल तर २७ सप्टेंबर २०१८ आठवा. दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली, भर दिवसा वस्तीत पाणी शिरलं, लोकांची भांडीकुंडी, पोरांची दप्तरं, गॅसच्या टाक्या वाहून गेल्या. कालवा पाटबंधारेचा, वस्ती महापालिकेच्या हद्दीत. मग भिंत कशाने कमकुवत झाली, केबलच्या खोदाईने, उंदीर-घुशींनी की अतिक्रमणाने, यावर मोठी चर्चा झाली आणि ज्यांचं घर चिखलात गेलं ते लोक ती चर्चा ऐकत उभे.

आमचं गाव पालिकेत घेतलं, टॅक्स सुरू झाला, पण पाणी टँकरचंच. याला कोण जबाबदार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त तळतळाटाने येतो. हद्दवाढ करायची की नाही हे राज्य सरकार ठरवतं, अधिसूचना मुंबईतून निघते. २०१७ मध्ये ११ गावं आली, मग ३० जून २०२१ ला आणखी २३. एका रात्रीत पुणे क्षेत्रफळाने राज्यातल्या सगळ्यात मोठ्या महापालिकांमध्ये जाऊन बसलं. ग्रामपंचायत बरखास्त झाली, म्हणजे सरपंच गेला, ग्रामसभा गेली, पण नगरसेवक काही लगेच आला नाही. विहिरीवरची जुनी पाणी योजना तशीच चालू राहिली.

त्याचा अर्थ काय ते जानेवारी २०२५ मध्ये कळलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट एकामागोमाग सापडायला लागले, धडधाकट माणसं पाय उचलता येत नाही म्हणून ॲडमिट झाली, काही व्हेंटिलेटरवर गेली, आणि संशय आला तो पाण्यावर. या पट्ट्याला जाणाऱ्या विहिरीच्या पाण्यावर शहरासारखी शुद्धीकरण प्रक्रियाच होत नव्हती, नुसतं क्लोरीन टाकून पुढे. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर! हद्दवाढीचा निर्णय राज्याचा, पण गाव हद्दीत आल्या दिवसापासून पाणी शुद्ध देणं महापालिकेचं कर्तव्य, यात दोघांचीही सुटका नाही असं मला वाटतं. गावं देताना सोबत पाण्याची लाईन, ड्रेनेज, रस्ते यांचा खर्च कुठून येणार हे कागदावर आलं पाहिजे, नुसता नकाशा रंगवून चालत नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, ती पण राज्यानेच. जिथे शहराचा कचरा इतकी वर्षं सोसला त्या गावांची ही गोष्ट, म्हणून जास्त लागते.

आयुक्त मोठा की महापौर?

मान महापौराचा, सही आयुक्तांची. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांतून निवडला जातो, मुख्य सभा चालवतो. धोरण, बजेट, करांचे दर हे सभागृहात ठरतं, मोठ्या खर्चाला १६ जणांची स्थायी समिती मंजुरी देते. पण अंमलबजावणीचा सगळा अधिकार कायद्याने आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं, सरकारच बदलतं.

सभागृहाला आयुक्त नको असेल तर? एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाला की सरकारने आयुक्तांना परत बोलवावं अशी तरतूद आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने झाला होता, तरी राज्य सरकारने तो रोखला आणि ते पुढे काही महिने आयुक्त राहिले. मुंढे बरोबर की नगरसेवक तो वाद बाजूला ठेवा, यातून एवढं दिसतं की शेवटचा शब्द शहराचा नसतो. म्हणून चांगला आयुक्त आला की शहर खूश आणि त्याची बदली झाली की हळहळ, यापलीकडे आपण जातच नाही.

इतकी वर्षं नगरसेवक नव्हतेच, काय अडलं?

मार्च २०२२ च्या मध्याला मुदत संपली तेव्हापासून प्रशासक, म्हणजे सभागृहाच्या जागी सरकारने नेमलेला अधिकारी. कारणं ओबीसी आरक्षणाचा वाद, त्यात प्रभागरचना. आधीच्या सरकारने तीन नगरसेवकांचा प्रभाग केला होता, नंतरच्या सरकारने तो परत चारचा केला, केस सुप्रीम कोर्टात. शेवटी मे २०२५ मध्ये कोर्टाने निवडणुका घ्याच सांगितलं, पुढे मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत दिली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षांची मुदत घटनेत लिहिलेली असताना जवळजवळ चार वर्षं सभागृह रिकामं.

काय अडलं विचारता? कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं, बरोबर. पण २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं बजेट आयुक्तांनी मांडलं आणि त्यांनीच प्रशासक म्हणून मंजूर केलं. प्रश्न विचारायला समोर कुणी नाही, उपसूचना नाही, पत्रकारांसमोर गॅलरीतून दिसणारं भांडण नाही. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवली, स यादीतून (नगरसेवकाने सुचवलेल्या कामांच्या बजेटमधल्या यादीतून) बाकडी आणि कमानी उभ्या केल्या म्हणून ठेवावीतच, पण रात्री अकराला चेंबर उपसायला गाडी मागवणारा तोच असतो आणि परत मत मागायला दारात येणाराही तोच. प्रशासक तुमच्या दारात येत नाही, त्याला यायची गरज नसते. लोक म्हणतात प्रशासकाच्या काळात फाईल पटापट हलल्या, हलल्या असतील, पण कुणाच्या सांगण्यावरून हलल्या हे विचारायची जागाच राहिली नव्हती.

आता एका प्रभागात चार नगरसेवक, फोन कोणाला करायचा?

चौघांनाही, आणि लेखी. प्रभाग किती जणांचा हे राज्य ठरवतं, २००७ ला एकाचा होता, २०१२ ला दोनचा, २०१७ पासून चारचा. आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, एका प्रभागात तेवढे पाच. चारच्या प्रभागात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, त्यामुळे एकच पत्र चौघांच्या नावाने काढा आणि चौघांची पोच घ्या.

महापालिकेकडे पैसा येतो कुठून?

पूर्वी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर होता, ती महापालिकेची स्वतःची कमाई. २०१३ ला पुण्यात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ ला एलबीटीही बऱ्याचशा व्यापाऱ्यांना माफ, २०१७ ला जीएसटी. आता जीएसटीच्या बदल्यात राज्य दर महिन्याला नुकसानभरपाई देतं. म्हणजे पैसा मिळतो, पण दुसऱ्याच्या हातून. स्वतःचं असं मुख्य उत्पन्न उरलं मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क, त्यामुळे बांधकामं जोरात तर महापालिका सुखात. शहराचं पोट बिल्डिंगांवर अवलंबून ठेवणं मला फार धोक्याचं वाटतं, कारण परवानगी द्यायची की थांबवायची हे ठरवणाराच त्या पैशाकडे डोळे लावून बसतो.

तुमचं मिळकतकराचं बिल एकदा नीट वाचा. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, जललाभ कर, पथकर अशा ओळी दिसतील, आणि खाली राज्य शासनाचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी कर. या शेवटच्या दोन ओळी महापालिका फक्त गोळा करते, पैसा राज्याला जातो.

मिळकतकरातली ती ४० टक्के सवलत कोणी दिली, कोणी काढली?

स्वतः राहत असलेल्या घराला ही सवलत १९७० पासून होती, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर काढली गेली, मग आरडाओरडा झाल्यावर २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाने परत दिली. पीटी-३ फॉर्म भरायची भानगड त्याचीच. पुण्याच्या घरपट्टीचा निर्णय मुंबईत मंत्रिमंडळात, एवढं लक्षात ठेवा.

पीएमपीची बस वेळेवर येत नाही, तक्रार महापालिकेत करू का?

पीएमपीएमएल ही २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र करून झालेली कंपनी आहे. तूट दोन महापालिका भरतात, पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के. बसची तक्रार पीएमपीकडेच करा, पण बसथांबा कुठे हवा, बससाठी पैसे किती द्यायचे हे नगरसेवकाला विचारा, कारण ते पैसे आपल्या बजेटमधून जातात.

तक्रार करायची तर नीट कशी करायची?

फक्त "रस्ता खराब आहे" लिहिलं तर कुणीच काही करणार नाही. आधी पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार पोर्टलवर टाका, टोकन नंबर जपून ठेवा. समजा दिवा बंद आहे, तर खांबावर रंगवलेला नंबर लिहा. समजा केबलसाठी खोदाई करून चर तसाच सोडलाय, तर कुठल्या दुकानापासून कुठल्या गेटपर्यंत ते लिहा, चपलेचा जोड शेजारी ठेवून फोटो काढा म्हणजे खोली कळते, बोर्ड लावला असेल तर त्याचा फोटो, त्यावर ठेकेदार आणि मुदत असते. नवीन रस्ता वर्षभरात उखडला तर पत्रात सरळ विचारा, "हा रस्ता डीएलपीमध्ये आहे का?" डीएलपी म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचा काळ. एवढा एक प्रश्न विचारला की पत्र वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याला माहितीये. कचऱ्याचं असेल तर आधी आरोग्य कोठीवर, म्हणजे भागातल्या सफाई चौकीवर, मुकादमाला भेटा, तिथे सुटतं बरंच. काम न करता तक्रार बंद झाली तर ती परत उघडा, आणि तोच टोकन नंबर घालून क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. आवक-जावकला शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका, बिनशिक्क्याचा कागद पुढच्या वेळी कुणी ओळखत नाही.

दाखले, नळजोड यांसारखं काम असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले असतात, उशीर झाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा लोक वापरतच नाहीत, का ते खरंच कळत नाही.

आरटीआय टाकायलाच लागतो का?

प्रत्येक वेळी नाही. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघू द्यायची पद्धत सुरू केली होती आणि तीच बघून राज्याने २०१८ मध्ये बाकी कार्यालयांनाही तसं करायला सांगितलं. जायच्या आधी त्या खात्यात विचारून घ्या. नाही दाखवली तर अर्ज करा, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस.

खड्ड्यात पडून हातपाय मोडला तर काही मिळतं का?

हो, आणि हे सगळ्यांना सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमी झालात तर ५० हजार ते अडीच लाख, आणि हे ज्याचा रस्ता त्याने द्यायचं, मग ते दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करावं. महापालिका असेल तर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ठरवते. म्हणून पडलात तर त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो, हॉस्पिटलचे कागद, पोलिसांकडे नोंद, तिन्ही हवंच. रस्ता कोणाचा हा वरचा प्रश्न इथे पैशात मोजला जातो बघा.

बजेटमध्ये आपण काम सुचवू शकतो म्हणतात, खरंय का?

खरंय, नागरिकांचा सहभाग म्हणून पुण्यात २००६-०७ पासून आहे. पावसाळ्याच्या शेवटाला फॉर्म निघतात, फुटपाथ, दिवे, बाकं, बसथांबा अशी लहान कामं सुचवायची. पण ते मंजूर झालं म्हणून बसून राहू नका, नंतर वर्गीकरण करून तुमच्या कामाचे पैसे दुसरीकडे वळू शकतात. मार्चमध्ये छापलेल्या बजेटात काम आहे का बघा आणि मग टेंडर लागलं का विचारत रहा.

गावाकडे ग्रामसभा असते, शहरात आपलं म्हणणं मांडायला काय आहे?

१५ क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला कमिटीच्या मीटिंग होतात, तिथे अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारता येतं. तारीख कार्यालयात फोन करून घ्या. सुरुवातीला चारच माणसं दिसतील, पण मागच्या मीटिंगच्या मुद्द्यांवर काय झालं हे वाचून दाखवायला सांगितलं की वातावरण बदलतं. कायद्याने प्रभाग समित्या आहेत, त्यात नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घ्यायची तरतूद आहे, त्या जागांवर कोण बसलंय ते विचारा.

आणि क्षेत्रसभा! केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेचा निधी हवा म्हणून राज्याने कायद्यात घातल्या, म्हणजे काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद, अध्यक्ष नगरसेवक. ग्रामसभेसारखंच. पण पुण्यात कुणाला विचारा, "तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलात का", बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. २०१७ आणि २०२१ ला आलेल्या गावांमध्ये ग्रामसभेत बोलायची सवय असलेले लोक अजून आहेत, तिथूनच सुरुवात सोपी जाईल. चारही नगरसेवकांना एका कागदावर लिहून द्या की आमच्या मतदान केंद्रांची क्षेत्रसभा कधी घेणार ती तारीख कळवा, खाली सोसायटीतल्या, वस्तीतल्या, वाड्यातल्या जेवढ्या मिळतील तेवढ्या सह्या, एक प्रत नगरसचिवांना, एक क्षेत्रीय कार्यालयाला, आणि प्रत्येक प्रतीवर पोचेचा शिक्का.